पाहुण्यांदेखत भांडू नये!

तुमच्या ऑफिसात अशी एक जोडी असतेच. दोघंही हुशार, दोघंही बोलघेवडे. मीटिंगमध्ये एकमेकांच्या आयडियांची अशी चिरफाड करतात की बघणाऱ्याला वाटावं, आता हे जन्मात बोलणार नाहीत. आणि पाच मिनिटांनी खाली टपरीवर एक कटिंग दोघांत पिताना दिसतात. क्लायंट खूश, बॉस खूश, अप्रेझलला दोघंही टॉपवर. त्याच टीममध्ये एक तिसराही असतो. वयानं सगळ्यात लहान, कामात चोख, आवाज जरा बारीक. ‘तुझंही बघू या रे, आधी हे संपवू’ हे वाक्य त्याला आता पाठ झालेलं असतं. ‘हे’ काही कधी संपत नाही.

जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बँडमध्ये या तिसऱ्याचं नाव होतं जॉर्ज हॅरिसन.

बीटल्सच्या दोस्तीवर आणि भांडणांवर आजवर इतका कागद खर्ची पडलाय की विचारू नका. पण बहुतेक सगळे ‘जॉन विरुद्ध पॉल’ याच मॅचची कॉमेंटरी करत बसतात. मॅच भारीच होती, प्रश्नच नाही. पण दोस्ती आणि खुन्नस यांतून गाणं नेमकं कसं घडतं ते बघायचं असेल, तर पॅव्हेलियनमध्ये पॅड बांधून बसलेल्या या तिसऱ्याकडे बघावं असं माझं मत आहे. त्याला बॅटिंग मिळायची ती शेवटच्या दोन ओव्हरना. (चौथा रिंगो स्टार. त्याला गाणी रचायची फारशी खाज नव्हती, त्यामुळे तो बिचारा तुलनेनं सुखी होता.)

आधी ती जोडी कशी जमली ते बघू. 6 जुलै 1957, लिव्हरपूलच्या वूल्टन भागातल्या चर्चची जत्रा. 16 वर्षांचा जॉन लेनन आपला बँड घेऊन तिथे वाजवत होता. 15 वर्षांचा पॉल मॅकार्टनी एका मित्राबरोबर आला, त्यानं गिटार उचलली आणि एक अख्खं गाणं शब्द न विसरता म्हणून दाखवलं. वर पुन्हा त्याला गिटार सुरात लावता येत होती. जॉनला तेही धड येत नव्हतं! जॉननं पुढे सांगितलंय की त्या वेळी त्याच्या डोक्यात हिशेब सुरू होता : याला घेतला तर बँड तगडा होणार, पण माझी दादागिरी धोक्यात येणार. शेवटी त्यानं पॉलला घेतला. इंटरव्ह्यू घेणाऱ्यानं आपल्यापेक्षा सरस कॅण्डिडेट निवडल्याचं तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

जॉर्जला आणलं पॉलनं. दोघं एकाच बसनं शाळेत जायचे. 1958 मध्ये जॉर्जची परीक्षा झाली तीही बसमध्येच, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर. ‘रॉन्ची’ नावाची गिटारची एक धून त्यानं जशीच्या तशी वाजवली आणि तो आत आला. पण जॉनच्या लेखी तो पॉलच्या मागे मागे येणारं शेंबडं पोर होता. लहानपणी बसलेला हा शिक्का किती वर्षं टिकतो, ते ज्यांना मोठा भाऊ आहे त्यांना विचारा.

जॉन आणि पॉलनं आपसात ठरवून टाकलं होतं की गाणं कुणीही करो, नाव दोघांचं लागणार. सुरुवातीला खरंच दोघं समोरासमोर बसून चाली बांधायचे. पुढे पुढे एकेकटे लिहायला लागले, पण लिहून झालं की पहिला श्रोता ठरलेला. 1966 च्या शेवटी जॉननं लहानपणी खेळलेल्या एका बागेच्या आठवणीतून ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आणलं. महिना-दीड महिन्यात पॉलचं उत्तर तयार : ‘पेनी लेन’, तेही लिव्हरपूलच्याच एका रस्त्याबद्दल. एकाचं लिव्हरपूल धुक्यातलं, दुसऱ्याचं लख्ख उन्हातलं. फेब्रुवारी 1967 मध्ये ही दोन्ही गाणी एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंना आली. (आणि इंग्लंडच्या चार्टवर दुसऱ्या नंबरवर अडकली! पहिल्या नंबरवर एंगलबर्ट हम्परडिंक ठाण मांडून बसला होता. पब्लिकचं काही सांगता येत नाही, बॉस.)

मला वाटतं, मैत्रीचा उपयोग असा की समोरच्यापुढे अर्धीकच्ची, बावळट ओळ म्हणायची लाज वाटत नाही. आणि खुन्नसचा उपयोग असा की ती ओळ तशीच ठेवायची लाज वाटते. जॉन आणि पॉलला या दोन्ही गोष्टी एकाच माणसात मिळाल्या होत्या. ही चैन फार थोड्यांच्या नशिबी असते.

कॅलिफोर्नियातल्या ब्रायन विल्सनच्या नशिबी ती नव्हती. डिसेंबर 1965 मध्ये बीटल्सचा ‘रबर सोल’ आला. तो ऐकून बीच बॉइजच्या या म्होरक्याची झोप उडाली, आणि मे 1966 मध्ये त्यानं ‘पेट साउंड्स’ काढला. तो ऐकून इकडे पॉलची झोप उडाली, आणि त्या झोपमोडीचा ‘सार्जंट पेपर’मध्ये मोठा वाटा आहे. दोन्ही पार्ट्या एकमेकांच्या फॅन, मध्ये समुद्र, आणि प्रत्येकाला वाटतंय की समोरच्यानं आपल्याला मागे टाकलं. पण पुढचा डाव म्हणून विल्सननं जो ‘स्माइल’ हाती घेतला, तो त्याला पेलला नाही. 1967 मध्ये त्यानं तो अर्धवट सोडला, तब्येत आणि मन दोन्ही ढासळलेलं. पुरा केला तेव्हा 2004 साल उजाडलं होतं. 2025 मध्ये तो गेला. पॉलसमोर जसा रोज सकाळी जॉन यायचा, तसा चालींमध्ये तोडीस तोड असा कुणी विल्सनच्या खोलीत नव्हता. त्याचा प्रतिस्पर्धी रेकॉर्डवर भेटायचा, आणि रेकॉर्डवर माणूस नेहमी आपल्यापेक्षा मोठाच वाटतो.

आता जॉर्जकडे. त्याची पंचाईत निराळीच. त्याचे प्रतिस्पर्धी खोलीतच होते, पण ते त्याला प्रतिस्पर्धी मानतच नव्हते.

पैशाचा हिशेब सांगतो, म्हणजे पोझिशन कळेल. बीटल्सची गाणी ज्या कंपनीच्या मालकीची होती ती ‘नॉर्दर्न साँग्ज’ 1965 मध्ये शेअर बाजारात आली. जॉनकडे 15 टक्के, पॉलकडे 15 टक्के. जॉर्ज आणि रिंगो, दोघांना मिळून 1.6 टक्के. म्हणजे जॉर्जनं स्वतःचं गाणं लिहिलं तरी त्यातून जॉन-पॉलची जास्त भर होणार! ते टोचल्यावर त्यानं ‘ओन्ली अ नॉर्दर्न साँग’ असं टोमणा मारणारं गाणंच करून टाकलं. बीटल्सच्या नावावर जॉर्जची गाणी आहेत जेमतेम 22. रेकॉर्डवर एक, फार तर दोन. ‘रिव्हॉल्व्हर’वर 1966 मध्ये तीन मिळाली तीच दिवाळी. त्यातलं ‘टॅक्समन’ तर रेकॉर्डच्या सुरुवातीलाच होतं. आणि त्यात गिटारचा जो जबरदस्त पीस आहे, तो वाजवलाय... पॉलनं.

थांबा, लगेच पॉलच्या नावानं बोटं मोडू नका. त्या पिसात पॉलनं एक हिंदुस्तानी वळणाची जागा घेतलीय, ती खास जॉर्जसाठी. कारण तोवर जॉर्ज सतारीच्या प्रेमात पडला होता. जॉर्जनंच पुढे हे सांगितलंय, आणि कौतुकानं सांगितलंय. यांच्या भांडणांचे आणि प्रेमाचे धागे असे एकात एक अडकलेत. सुटे करायला गेलं की गाणंच उसवतं.

सतारीवरून आठवलं. ऑगस्ट 1966 मध्ये बीटल्सचा शेवटचा दौरा संपला आणि सप्टेंबरात जॉर्ज थेट आपल्या मुंबईत आला, पंडित रविशंकर यांच्याकडे शिकायला. ताजमध्ये खोट्या नावानं उतरला. अर्थातच ओळखला गेला, हॉटेलखाली गर्दी जमली, मग गुरू-शिष्यांनी काश्मीर गाठलं. पहिल्याच शिकवणीचा एक किस्सा जॉर्ज सांगायचा. मध्येच फोन वाजला, तो उठला आणि सतार ओलांडून निघाला. पंडितजींनी त्याच्या पायावर फटका दिला. वाद्य ओलांडायचं नसतं, हे आपल्याकडे पेटीच्या क्लासला जाणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पण ज्याच्या नावानं स्टेडियममध्ये पोरी बेशुद्ध पडतात, त्याला फटका मारणारा माणूस भेटणं ही मोठीच गोष्ट होती. इथे तो ‘तिसरा’ नव्हता. नवखा होता, पण पुढे बसलेला माणूस त्याचं नीट ऐकत होता.

जानेवारी 1968 मध्ये तो पुन्हा मुंबईत आला. ‘वंडरवॉल’ या सिनेमाचं संगीत करायचं होतं, आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खान. रेकॉर्डवर बासरीसमोर केंकरे हे नाव वाचलं की उगाचच आपल्या आळीत आल्यासारखं वाटतं. तिथेच ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीतही ध्वनिमुद्रित झालं. लंडनला परतल्यावर त्यावर गाताना जॉर्ज बिचकत होता, तर त्याला धीर देणारा होता पॉल. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जचं गाणं येण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही मुंबईच्या जोरावर!

आणि मग आला एरिक क्लॅप्टन. 1964 च्या नाताळात बीटल्सच्या लंडनच्या शोमध्ये क्लॅप्टनचा तेव्हाचा बँड यार्डबर्ड्सही वाजवायचा, तिथली ओळख. 1968 पर्यंत दोघं चांगलेच जिगरी झाले होते. क्लॅप्टनला गोड खायचं वेड आणि त्यापायी दातांची वाट लागलेली. जॉर्जनं चॉकलेटच्या खोक्यावरची नावं घेऊन त्यावरही गाणं केलं, ‘सॅव्हॉय ट्रफल’. दोस्ताच्या दाढा किडल्या म्हणून झालेलं रॉकमधलं हे बहुधा एकमेव गाणं असावं.

त्याच रेकॉर्डच्या, म्हणजे ‘व्हाइट अल्बम’च्या वेळी बीटल्सचं घर पार बिघडलं होतं. ऑगस्टमध्ये शांत रिंगोसुद्धा वैतागून निघून गेला. तो परत आला तेव्हा जॉर्जनं त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवून ठेवला होता. (या अल्बमच्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट.) जॉर्जकडे त्या वेळी ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ होतं. जुलैपासून तो ते पुन्हा पुन्हा काढत होता, आणि बाकीचे ते उरकल्यासारखं वाजवत होते. कुणी वाईट वाजवत नव्हतं हो. पण मन नसलं की ते ऐकू येतं.

6 सप्टेंबर 1968. लंडनला गाडीतून जाताना जॉर्ज क्लॅप्टनला म्हणाला, चल आणि माझ्या गाण्यावर वाजव. क्लॅप्टन हबकला. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचं कुणी वाजवत नाही, असं त्याचं म्हणणं. जॉर्जचं उत्तर साधं होतं : गाणं माझं आहे. क्लॅप्टन स्टुडिओत शिरला आणि काय आश्चर्य! सगळे शहाण्या मुलांसारखे वागायला लागले. पॉल पियानोवर बसला आणि त्यानं जी सुरुवात वाजवली, ती आजही ऐकताना अंगावर काटा येतो. क्लॅप्टनचा तो रडवेला पीस तर तुम्हाला माहीतच आहे. तो फारच ‘क्लॅप्टन’ वाटू नये म्हणून नंतर त्याचा आवाज यंत्रानं जरा थरथरता केला. रेकॉर्डवर क्लॅप्टनचं नाव छापलं नाही.

हे गणित मराठी घरात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. आई-बाबांची जुंपलेली असावी, तेवढ्यात बेल वाजावी आणि दारात पाहुणे. पुढच्या मिनिटाला आई ‘या या, चहा टाकते’ आणि बाबा ‘बसा ना’. जॉर्जनं हीच युक्ती वापरली. पाहुण्यांसमोर माणसं कशी नीट वागतात, हे त्यानं स्वतःच पुढे बोलून दाखवलंय. फक्त यातून आठवणीत राहतो तो क्लॅप्टन. मला मात्र पॉलचा तो पियानो जास्त महत्त्वाचा वाटतो. पाहुण्यानं स्वतः वाजवलं ते वाजवलंच, पण घरच्यांकडूनही चांगलं वाजवून घेतलं.

वर्षाच्या शेवटी जॉर्ज अमेरिकेत वुडस्टॉकला बॉब डिलनकडे राहिला. दोघांनी मिळून एक गाणंही केलं. तिथे डिलन आणि ‘द बँड’ची मंडळी त्याला बरोबरीचा धरत होती. आणि तिथून तो परतला तो थेट जानेवारी 1969 मध्ये, ट्विकनहॅमच्या थंडगार फिल्म स्टुडिओत, कॅमेऱ्यांपुढे तालमीला. पीटर जॅक्सनची ‘गेट बॅक’ ही डॉक्युमेंटरी 2021 मध्ये आली, त्यात हे सगळं तासन् तास बघायला मिळतं. बघाच. ऑफिस पॉलिटिक्सवर यापेक्षा भारी ट्रेनिंग व्हिडिओ नाही. जॉर्ज ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ वाजवून दाखवतो. सगळे माना डोलावतात, थोडं वाजवतात, आणि गाडी पुन्हा पॉलच्या गाण्यावर. कुणी ‘नको’ म्हणत नाही. ‘नको’ म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

10 जानेवारीला जेवणाच्या सुट्टीत जॉर्ज सरळ उठून गेला. घरी पोचला आणि त्याच दिवशी त्यानं ‘वॉ-वॉ’ हे गाणं लिहिलं. नाव गिटारच्या पेडलचं, पण मतलब ‘डोकेदुखी’. इकडे जॉनचं म्हणणं, तो परत नाही आला तर क्लॅप्टनला घेऊ. बघा, पाहुणा म्हणून आणलेल्या मित्राचंच नाव आता याच्या खुर्चीसाठी निघालं! पण त्यानंतर जॉन आणि पॉल कॅण्टीनमध्ये जे बोलले, ते फुलदाणीत लपवलेल्या माइकनं टिपलंय. त्यात जॉन कबूल करतो की ही जखम आपणच चिघळू दिली. म्हणजे कळत होतं. सगळं कळत होतं.

जॉर्ज परत आला. आणि येताना आणखी एक पाहुणा घेऊन आला : ऑर्गनवाला बिली प्रेस्टन, 1962 च्या हॅम्बुर्गच्या दिवसांपासूनचा दोस्त. 22 जानेवारीला प्रेस्टन इलेक्ट्रिक पियानोवर बसला आणि खोलीतली हवाच बदलली. आठ दिवसांनी गच्चीवरचा तो प्रसिद्ध कार्यक्रम झाला. ‘गेट बॅक’ सिंगलवर तर बीटल्ससोबत प्रेस्टनचं नाव छापलं गेलं.

याच तालमींत आणखी एक क्षण आहे. जॉर्ज ‘समथिंग’ बांधतोय, एका ओळीत अडकलाय, शब्द सुचत नाहीये. जॉन म्हणतो, तोंडाला येईल तो शब्द घाल, ‘कॉलिफ्लॉवर’ म्हण, खरा शब्द येईपर्यंत चालवून ने. (पॉलच्या ‘यस्टरडे’चे शब्दही सुरुवातीला अंड्याच्या भुर्जीवर होते. या मंडळींना बहुधा वेळेवर जेवायला मिळत नसावं.) ज्या जॉननं जखम चिघळू दिली, तोच जॉन दहा वर्षांत शिकलेली युक्ती सहज हातात ठेवतो. ‘समथिंग’ हे जॉर्जचं सिंगलच्या पुढच्या बाजूला आलेलं पहिलं गाणं. ऑक्टोबर 1969. तोवर बँड मोडल्यात जमा होता.

आणि ‘हिअर कम्स द सन’? त्या वसंतात बीटल्सच्या कंपनीत नुसत्या मीटिंगा चालल्या होत्या. वकील, हिशेबनीस, सह्या. एक दिवस जॉर्जनं मीटिंगला दांडी मारली, सरेमधलं क्लॅप्टनचं घर गाठलं, त्याची गिटार घेतली आणि बागेत फिरता फिरता गाणं केलं. 2023 मध्ये स्पॉटिफायवर एक अब्ज वेळा ऐकलं गेलेलं बीटल्सचं पहिलं गाणं हेच ठरलं. जॉन-पॉल जोडीचं एकही नाही. दांडी मारून केलेलं जॉर्जचं!

8 सप्टेंबर 1969 ची एका मीटिंगची टेप आहे. ती 2019 मध्ये उजेडात आली. त्यात जॉन सुचवतो की पुढच्या रेकॉर्डवर तिघांना चार-चार गाणी आणि रिंगोला हवी तर दोन. समान वाटप! पॉलचं म्हणणं, या अल्बमच्या आधीपर्यंत जॉर्जची गाणी तेवढी चांगली नव्हती. जॉर्ज म्हणतो, हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे. पुढची रेकॉर्ड या वाटपानं कधी झालीच नाही.

मग नोव्हेंबर 1970 मध्ये जॉर्जनं ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ काढला. एक नाही, दोन नाही, तीन रेकॉर्डींचा संच. सगळं साठलेलं बाहेर आलं. त्यात डिलनबरोबर केलेलं गाणं, ‘वॉ-वॉ’, क्लॅप्टनची गिटार, प्रेस्टन, रिंगो, सगळे. अमेरिकेत पहिला नंबर. तिसऱ्यानं पहिल्या दोघांना धोबीपछाड दिला, आणि आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

पण प्रामाणिकपणे सांगतो, पुढच्या अल्बममध्ये जॉर्ज पुन्हा या उंचीला पोचला नाही. मला त्याचं कारण असं दिसतं. दारात अडवून ठेवलेली गाणी अडून अडून मुरली होती. जॉन आणि पॉलचे कान भेदून जायचं तर चाल तशीच कडक लागायची. याचा अर्थ अडवणूक चांगली असा कृपया काढू नका, तुमच्या टीम लीडला तर हे पान दाखवूच नका. पण ते कान गेल्यावर काय होतं बघा. याच अल्बमवरचं ‘माय स्वीट लॉर्ड’ जगभर गाजलं, आणि त्यावर खटला उभा राहिला. चाल शिफॉन्सच्या ‘ही इज सो फाइन’ची आहे म्हणून. 1976 मध्ये कोर्टानं निकाल दिला : चोरी जाणूनबुजून नाही, पण नकळत झालीच आहे. याउलट ‘यस्टरडे’ची चाल सुचली तेव्हा पॉल कितीतरी दिवस भेटेल त्याला विचारत फिरला होता, की ही मी कुठून ढापली तर नाही ना? जॉर्जच्या खोलीत 1970 मध्ये नावाजलेले दोस्त खच्चून भरले होते. सगळे त्याच्यावर प्रेम करणारे. ‘ए, हे ऐकलंय कुठेतरी’ असं म्हणणारा खवट माणूस तेवढा नव्हता. जॉन असता तर पहिल्या दोन ओळींतच खिदळला असता, अशी मला खात्री आहे.

जॉन आणि पॉलचं काही वेगळं नाही झालं. 1971 मध्ये पॉलनं ‘रॅम’वर जॉनला चिमटे काढले, तर जॉननं ‘इमॅजिन’वरच्या ‘हाउ डू यू स्लीप?’मध्ये पॉलची सालटीच काढली. त्या गाण्यात घसरत्या, सुऱ्यासारख्या धारदार गिटारवर कोण आहे? जॉर्ज! नऊ वर्षांनी जॉन गाणं सोडून घरी बसलेला असताना त्याच्या कानावर पॉलचं ‘कमिंग अप’ पडलं, आणि पुन्हा स्टुडिओत जायची खुमखुमी त्याला आली, त्यात या गाण्याचा हात होता. तो 1980 च्या डिसेंबरात मारला गेला.

क्लॅप्टनचं पुढे काय, हे तुम्ही विचारणारच. तो जॉर्जच्या बायकोच्या, पॅटी बॉइडच्या प्रेमात पडला. त्यातून 1970 मध्ये ‘लैला’ हे गाणं आलं, नाव थेट निजामीच्या लैला-मजनूवरून उचललेलं. पॅटी जॉर्जपासून वेगळी झाली आणि 1979 मध्ये क्लॅप्टनशी तिचं लग्न झालं. त्या पार्टीत जॉर्ज, पॉल आणि रिंगो वाजवायला उभे! रॉकच्या गप्पांत ही गोष्ट ‘काय दिलदार दोस्त’ म्हणून सांगायची फॅशन आहे. पॅटीचं 2007 मधलं आत्मचरित्र वाचलं की त्या दिलदारीचा रंग बराच उतरतो. दोन मित्रांनी एकमेकांना माफ केलं, ठीक आहे. पण तिच्या वाट्याला काय आलं, ते गाण्यात नाही. जॉर्ज 29 नोव्हेंबर 2001 ला गेला. वर्षानं त्याच तारखेला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्यासाठी कार्यक्रम झाला, आणि त्याचं सगळं संगीत संयोजन क्लॅप्टननं पाहिलं. अनुष्का शंकर होती, रिंगो होता. पॉलनं ‘समथिंग’ सुरू केलं ते जॉर्जच्या आवडत्या युकुलेलेवर.

एक राहिलंच. जॉर्जनं 1968 नंतर सतार बाजूला ठेवली. आपण मोठे सतारिये होणार नाही हे त्याला कळलं होतं. पण मग तो स्लाइड गिटारकडे वळला, म्हणजे बोटात नळी घालून तारेवरून घसरत वाजवायची गिटार. आणि त्यात त्याची जी लकब तयार झाली, तिच्यात मला मींड स्पष्ट ऐकू येते. सूर गाठायची घाई नाही, वाटेतल्या सगळ्या जागा दाखवत जायचं. पंडितजींचा फटका वाया गेला नव्हता.

2 नोव्हेंबर 2023 ला बीटल्सचं ‘नाउ अँड देन’ आलं. जॉनच्या घरच्या जुन्या टेपवरचं गाणं. 1995 मध्ये उरलेल्या तिघांनी ते हाती घेतलं होतं, टेपचा आवाज फार खराब होता, जॉर्जचं मन लागलं नाही, आणि ते राहून गेलं. आता संगणकानं जॉनचा आवाज वेगळा काढला, जॉर्जनं 1995 मध्ये वाजवलेली गिटार तशीच ठेवली. मध्ये एका पिसाची जागा मोकळी होती. तिथे 80 पार केलेल्या पॉलनं स्लाइड गिटार हातात घेतली आणि ती जॉर्जच्या पद्धतीनं वाजवली.